यादी लावण्याआधी

अंबड, जि. जालना
नोव्हेंबर २०२५

चि. भाच्यास,

तुझा फोन आला तेव्हा मी मोसंबीच्या बागेत सल काढत होतो. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात फोन. तू एका दमात सगळं सांगितलंस. मंडळानं तुला कबड्डी संघाचा व्यवस्थापक केलं. शिवजयंतीच्या सामन्यांना तीन महिने उरलेत. कप्तानासकट चौघांना काढायचं तू ठरवलंयस. परभणीचे दोन आणि संभाजीनगरचा एक असे तीन रेडर पैसे देऊन आणायचेत. गावात पारावर दोन तट पडलेत. आणि शेवटी म्हणालास, "मामा, तुम्ही फक्त हो म्हणा." एवढ्या गोष्टीला फोनवर हो म्हणवेना, म्हणून हे पत्र. सावकाश वाच आणि राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

आधी एक सांगतो. कप्तानाबद्दल तुझं म्हणणं बरोबर आहे. गेल्या फेब्रुवारीचा सामना मीही कडेला उभा राहून बघितला. तो डाव्या कोपऱ्यात होता. समोरचा रेडर निदान रेषा ओलांडून आत आला, बोनससाठी पाय टाकला आणि कप्तानानं घोट्याला हात घातला तो अगदी वेळेवर. नजर तीच, हातही तोच. पण उजवा गुडघा खाली बसलाच नाही आणि आलेला पाय निसटला. पुढच्या दहा मिनिटांत असं तीनदा झालं. सामना संपल्यावर शाळेच्या मागच्या ओट्यावर तो एकटाच बसला होता. गुडघ्याचं क्रेप बँडेज सोडलं, धूळ झटकली, आणि नीट घट्ट गुंडाळी करून खिशात ठेवलं. ते मी पाहिलं. पुढच्या सामन्याला लागेल म्हणून ठेवलेलं ते बँडेज होतं. त्याच्या मनात अजून पुढचा सामना आहे, हे तू विसरू नकोस.

छत्तीस वर्षांचा माणूस कोपऱ्यात उभा राहू शकत नसेल तर त्याला बदलावंच लागतं. त्यात पाप नाही. पण तू म्हणालास, "यादी ग्रुपवर टाकून देतो, ज्याचं नाव नाही त्याला कळेल." हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं.

१९९८ च्या डिसेंबरची गोष्ट सांगतो, तेव्हा तू लहान होतास. बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारतानं हॉकीचं सुवर्ण जिंकलं. १९६६ नंतर थेट तेव्हा, म्हणजे ३२ वर्षांनी. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी बरोबरीत सुटला आणि पेनल्टी स्ट्रोकवर आपण जिंकलो. कर्णधार होता आपल्या पुण्याच्या खडकीचा धनराज पिल्ले. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिकनं खेळायला शिकलेला पोरगा. आम्ही शाळेत मुलांना पेढे वाटले होते. आणि त्यानंतर जो संघ निवडला गेला त्यात धनराज नव्हता. त्याच्यासह सात ज्येष्ठ खेळाडू नव्हते, गोलरक्षक आशिष बल्लाळ नव्हता, प्रशिक्षक कौशिक यांनाही दूर केलं. कारण काय दिलं? खेळाडूंना विश्रांती दिली आहे! देशभर सगळ्यांना कळत होतं की मानधन आणि सोयीसुविधांबद्दल ही मंडळी बोलली, त्याची ही शिक्षा आहे. जे सगळ्यांना कळत होतं ते सांगायची हिंमत मात्र कुणाला झाली नाही.

‘विश्रांती’ या एका शब्दाचा मला आजही राग येतो. बत्तीस वर्षांनी सुवर्ण आणणाऱ्या संघातही बदल करता येतो. वय, दुखापत, पुढच्या ऑलिंपिकची तयारी, कितीतरी खरी कारणं असू शकतात. पण खोटं कारण दिलं की काढलेला खेळाडू तर दुखावतोच, शिवाय आत राहिलेलाही घाबरून खेळतो. त्याला वाटतं, उद्या मलाही अशीच विश्रांती मिळेल. मग तो संघासाठी खेळायचं सोडून नाव टिकवायला खेळतो. आपल्या खेळात हे लगेच दिसतं. पकडीत जाणारा कोपरा मागे रेंगाळायला लागतो, कारण पकड चुकली तर नाव त्याचं खराब होतं.

मला हे इतकं ठाऊक आहे, कारण माझ्या बाबतीत घडलंय. तुझ्या आईला विचार. आपला जिल्हा १ मे १९८१ ला औरंगाबादपासून वेगळा झाला, त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो. जिल्ह्याच्या संघाच्या सराव शिबिरात पंधरा दिवस होतो. शेवटच्या दिवशी भिंतीवर यादी लागली आणि तिच्यात माझं नाव नव्हतं. निवड करणाऱ्यांपैकी एकाला विचारलं तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तब्येत बरी नाही असं कळलं." माझी तब्येत ठणठणीत होती. माझ्यापेक्षा दुसरा चांगला होता, हे खरं कारण असणार. तो चांगला होताच, मी त्याच्यासोबत पंधरा दिवस खेळलो होतो. हे तोंडावर सांगितलं असतं तर मी रडलो असतो, पण पुढच्या वर्षी परत गेलो असतो. मी परत गेलो नाही. एस.टी.नं घरी आलो आणि खेळाचे बूट चुलतभावाला देऊन टाकले.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं सांगणं हे: कप्तानाच्या घरी जा. एकटा जा, मंडळाची फौज घेऊन नको. चहा पी. त्याच्या आईच्या पाया पड. आणि मग सरळ सांग, "दादा, तुमचा गुडघा आता कोपऱ्यात बसत नाही. यंदा तुम्ही सातांत नाही आणि बारांतही नाही." एवढंच. "तुमच्या अनुभवाचा फायदा व्हावा म्हणून" असलं काही पुढे जोडू नकोस. सल्लागार, मार्गदर्शक असली पोकळ पदं देऊ नकोस. त्याला ते कळतं. तो चिडेल, कदाचित उठून आत जाईल. बसून राहा. त्याच्या आईशी बोल. तो बाहेर येईल.

त्याच्यासाठी काम मात्र आहे आणि ते खरं आहे. ते पुढे सांगतो.

आता आपलं जुनं भांडण. तू गेलं वर्षभर माझ्याशी प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटणवरून वाद घालतोस. म्हणतोस, इराणी बचावपटू शादलूला सोडणाऱ्यांना खेळच कळत नाही, आणि त्याच तोंडानं म्हणतोस की गावाचा संघ मी पलटणसारखा उभा करणार. मग पलटणनं काय केलं ते एकदा नीट बघू.

प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली. आठ संघ होते आणि पहिल्या दोन्ही हंगामांत पलटण आठवी. पुढे दोनदा तिसरी आली, मग सहाव्या आणि सातव्या हंगामात बाद फेरीपर्यंतही पोहोचली नाही. मोठी नावं येत होती, जात होती. आठव्या हंगामात, बंगळुरूला रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले तेव्हा, संघात राहुल चौधरी होता, नितीन तोमर होता. तरी चढाया हळूहळू दोन नव्या पोरांकडे गेल्या. एक मोहित गोयत, दुसरा अस्लम इनामदार. अस्लम नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा, म्हणजे आपल्यापासून गोदावरी ओलांडून फार लांब नाही. दोघेही नवे तरुण खेळाडू म्हणून घेतलेले, लिलावात मोठी बोली लावून आणलेले नव्हेत. प्रशिक्षक होते अनुप कुमार. नावाजलेला रेडर बाकावर असताना पोरगा मॅटवर पाठवायला किती धाडस लागतं, ते तुला यंदा कळेल.

नवव्या हंगामासाठी त्यांनी इराणचा फजल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना आणला, कर्णधार केला. संघ पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला आणि जयपूरकडून २९–३३ असा हरला. आणि पुढच्या हंगामाआधी त्याच कर्णधाराला सोडलं! आठवतंय, तू तेव्हाही असाच ओरडला होतास? त्याच्या जागी शादलू आला, २ कोटी ३५ लाखांना. कर्णधारपद अस्लमला मिळालं. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणाला २८–२५ हरवून पलटणनं पहिला करंडक घेतला. त्या दिवशी तू मला तीनदा फोन केलास. फजलला सोडलं हे शहाणपणाचं होतं, हे तेव्हा तूच म्हणालास.

मग २०२४ च्या लिलावाआधी शादलूला सोडलं. तो हरियाणाकडे २ कोटी ७ लाखांना गेला, हरियाणानं करंडक घेतला, तोही पुण्यात बालेवाडीला, आणि गतविजेती पलटण बाद फेरीतही नव्हती. तेव्हा तुझ्या लेखी तेच लोक मूर्ख झाले.

आता सांग, या दोन निर्णयांत फरक काय? दोन्ही वेळी महागडा इराणी बचावपटू सोडला. एकदा पुढं करंडक आला, एकदा नाही. तू फळ बघून निर्णय जोखतोस. माझं मत विचारशील तर शादलूला सोडणं मलाही पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही. अख्ख्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू हातचा सोडू नये. पण एका संघाला लिलावात एकूण पाच कोटींची मर्यादा होती. त्यातले जवळपास निम्मे एका माणसावर घालायचे की चार पोरं राखायची, हा प्रश्न ज्याच्या पुढ्यात असतो त्याला उत्तर लिलावाच्या आधी द्यावं लागतं. करंडक कुणाला मिळणार हे त्याला तेव्हा ठाऊक नसतं. त्यात त्या वर्षी अस्लमचा गुडघा गेला, त्याचा हिशेब कुणी कसा धरणार?

आणि या सगळ्या चढउतारात न बदललेली गोष्ट कुठली? पोरं. अस्लम, मोहित, पंकज मोहिते. यातला अस्लम तर हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. शादलू नसताना, नवा प्रशिक्षक अजय ठाकूर असताना, परवाच्या ३१ ऑक्टोबरला पलटण पुन्हा अंतिम फेरीत होती. दिल्लीकडून २८–३१ हरली. तू टीव्ही बंद केलास म्हणे. मी शेवटपर्यंत बघितला, आणि मला तो संघ २०२४ च्या संघाइतकाच आवडला.

तर पलटणसारखा संघ उभा करायचा असेल तर पलटणचा लिलाव उचलू नकोस, पलटणचा बाक उचल. तीन भाड्याचे रेडर आणून तू शिवजयंतीचा एखादा सामना मारशील. दुसऱ्या दिवशी ते मोटारसायकलला किक मारून जातील आणि तुझ्याकडे काय उरेल? ज्या पोरांनी त्या चढाया करायच्या होत्या ती पोरं पाणी द्यायला उभी असतील.

पैशाचंही बोलतो, कारण ते तू टाळलंस. एका रेडरचे दिवसाचे पाच हजार, वर गाडीभाडं, जेवण. तीन जण, दोन दिवस. म्हणजे जमलेली निम्मी वर्गणी. यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं गावाची काय दशा केली ते तू पाहिलंस. कापूस बोंडात काळा पडला, सोयाबीनला कोंब फुटले. अशा वर्षी ज्या बाईनं तुझ्या हातात दोनशे रुपये दिले तिनं ते परभणीच्या रेडरसाठी दिले नाहीत. तिचा पोरगा तुझ्या मैदानावर येतो म्हणून दिले. त्या पैशातून पोरांना बूट घे. हल्ली तालुक्याचे सामने मॅटवर होतात आणि आपली पोरं मातीत शिकलेली. पहिल्या पाच मिनिटांत घसरतात, मग भितात, मग खेळ विसरतात. बूट, गुडघ्याच्या पट्ट्या, सरावानंतर केळी आणि अंडी. आणि महिन्यातून दोनदा टेम्पो करून जिथं मॅट आहे तिथं सरावाला ने.

माझी थोरली न्यू जर्सीत असते हे तुला ठाऊकच आहे. नातवाला तिकडच्या बर्फावरच्या हॉकीचं वेड लागलंय, त्याच्यामुळं मलाही दोन गोष्टी कळल्या. तिकडं प्रत्येक संघाला एक जनरल मॅनेजर असतो. कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं, हे तो ठरवतो, आणि लोक त्याच्यावर तुमच्या पारासारखेच भांडतात. न्यूयॉर्क रेंजर्स नावाचा जुना संघ आहे. ८ फेब्रुवारी २०१८ ला, हंगाम चालू असतानाच, त्यांचा जनरल मॅनेजर जेफ गॉर्टन आणि अध्यक्ष ग्लेन सॅथर यांनी प्रेक्षकांना उघडं पत्र लिहिलं. आम्ही संघ नव्यानं बांधणार आहोत, तुमचे लाडके काही खेळाडू जातील, हे त्यात स्वच्छ सांगितलं. नंतरची तीन-चार वर्षं बेताचीच गेली. गॉर्टनला २०२१ मध्ये काढून टाकलं. २०२२ मध्ये तोच संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला, तेव्हा तो तिथं नव्हता.

तुझ्या वाट्यालाही हे येऊ शकतं. चार वर्षांनी हा संघ जिल्ह्यात गाजेल आणि सत्काराची शाल दुसऱ्याच्या खांद्यावर पडेल. तेवढी तयारी नसेल तर आजच राजीनामा दे. राग मानू नकोस, हे काम त्याच अटीवर घ्यायचं असतं.

त्या गॉर्टनचं एक उचलण्यासारखं आहे, ते पत्र. मंगळवारच्या बैठकीत मंडळासमोर, शक्य झालं तर मारुतीच्या पारावरच, उभा राहून सांग: यंदा आपण हरू. पुढच्या वर्षीही बहुतेक हरू. हे हे खेळाडू बाहेर ठेवलेत, कारण हे. ही ही पोरं आत घेतलीत, कारण हे. वर्गणीचा हिशेब हा. लोक ओरडतील. पण एकदा उघड सांगितलंस की नंतर हरल्यावर तुला तोंड लपवावं लागणार नाही. एक गोष्ट मात्र त्यांच्यासारखी नाही. तिकडं खाली राहिलेल्या संघाला पुढच्या वर्षी नवी पोरं निवडताना आधीचा मान मिळतो, म्हणून काही संघ हरण्यातही फायदा बघतात. आपल्याकडं हरणाऱ्याला कुणी काही देत नाही. तेव्हा हरायचंच असेल तर पोरांना खेळवून हर.

आता खेळाचं. चौघांना एकदम काढतोयस, ते मला अजिबात मान्य नाही. चढाई एकट्याची असते, रेडर एका महिन्यात बदलता येतो. पकड चौघांची असते. डाव्या कोपऱ्यानं घोटा धरला की डाव्या कव्हरनं त्याच श्वासात कमरेत जायला हवं. उशीर झाला तर रेडर कोपऱ्याला ओढत मध्यरेषेला हात लावतो. हे सांगून येत नाही, सोबत खेळून येतं. आपले दोन्ही कव्हर तेहतीस-चौतिशीचे आहेत, थोडे मंद झालेत, पण एकमेकांचा श्वास ओळखतात. कप्तानाच्या जागी नवा कोपरा उभा कर आणि कव्हर यंदा तसेच ठेव. पुढच्या वर्षी एक कव्हर बदल, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा. बचाव एकदम मोडलास तर नव्या पोराला चूक सावरून घेणारा माणूसच उरणार नाही.

आणि खुल्या गटाच्या मागे यंदा धावू नकोस. ६० किलो वजनगटात संघ उतरव. तुझी चांगली पोरं सगळी पंचावन्न ते साठ किलोंची आहेत. त्यांना ऐंशी किलोच्या माणसांपुढे उभं करून हाडं मोडून घ्यायची नाहीत. आपल्या मापाच्या पोरांशी खेळून दोन-चार सामने जिंकले की त्यांना जिंकण्याची चव कळेल.

इथंच कप्तानाचं काम येतं. संध्याकाळी सहा ते आठ, रोज, त्या पोरांना कोपरा शिकवायचा. पाय कधी धरायचा आणि कधी सोडून द्यायचा, हे आपल्या पंचक्रोशीत त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. गुडघा न वाकणारा माणूसही हे शिकवू शकतो. पण त्यातून कोण खेळेल हे त्यानं ठरवायचं की तू, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट कर. माझं मत, कोपऱ्याची निवड त्याच्यावर सोड. तेवढा विश्वास टाकलास तर तो येईल. हे काम त्याला पहिल्या भेटीत मात्र सांगू नकोस. आधी खरं सांग, आठ दिवस जाऊ दे, मग विचार. एकाच दमात दोन्ही सांगितलंस तर त्याला वाटेल तू तोंड गोड करतोयस.

आणखी एक पोरगा आहे, त्याच्याबद्दल तू फोनवर अर्धं वाक्य बोललास आणि पुढे गेलास. वस्तीवरचा तो चौदा-पंधरा वर्षांचा, डाव्या पायाचा रेडर. "तो चांगला आहे पण तोडीला जातो." दसऱ्यात मी त्याला मातीत खेळताना बघितलं. बचावाकडे पाठ करून परत फिरतो आणि फिरता फिरता मागच्या पायानं टाच मारतो. कुणी शिकवलं असेल? कुणी नाही. त्याच्या आईबापानं मुकादमाची उचल घेतलीय, कोयता लागला की तोही जातो, आणि परत येतो तो मार्चमध्ये. म्हणजे आपला सगळा हंगाम तो उसाच्या फडात. तुझ्या यादीत खरा प्रश्न कप्तानाचा नाही, या पोराचा आहे. परभणीच्या रेडरवर घालणार होतास त्यातले थोडे पैसे इथं लाव. त्याची आजी गावातच असते. तिच्याकडं किराणा भर. तोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, मुख्याध्यापकांना भेटून आपल्या शाळेत ती चालू आहे का विचार, नसेल तर अर्ज करायला लाव. बापाशी बोलायला मी येतो. पोरगा शाळेतही राहील आणि मैदानावरही.

तो मोठा खेळाडू होईलच असं मी म्हणत नाही. तसं कुणालाच सांगता येत नाही. आपल्या जालन्याच्या विजय झोलनं सतराव्या वर्षी १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या तेव्हा जिल्ह्यात कुणाला शंका होती? २०१४ च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता, संजू सॅमसन त्याचा उपकर्णधार, श्रेयस अय्यर आणि कुलदीप यादव त्याच्या हाताखाली खेळले. पुढं ते तिघे भारताकडून खेळले आणि विजय महाराष्ट्राकडून रणजी खेळला. यात कुणाची चूक शोधू नये. सतराव्या वर्षी कोण कुठं पोहोचेल हे मोठमोठ्या निवडकर्त्यांना कळत नाही, तुला-मला काय कळणार? म्हणून एका पोरावर सगळं लावू नकोस. दहा पोरं तयार कर, त्यातली तीन टिकतील. आणि जी सात टिकणार नाहीत त्यांनाही तेवढीच केळी आणि तेवढेच बूट मिळायला हवेत.

पारावरच्या भांडणाचं फार मनाला लावून घेऊ नकोस. लोक भांडतात म्हणजे संघ त्यांचा आहे. ग्रुपवर मात्र कुणाला उत्तर देत बसू नकोस. जो फार बोलतो त्याला संध्याकाळी मैदानावर बोलव आणि पोरांच्या नोंदीची वही त्याच्या हातात दे. कुणी किती चढाया केल्या, किती पकडी चुकल्या, कुणाला लागलं, हे रोज लिहायचं. तीन महिन्यांनी यादी करताना ती वही तुझ्या कामाला येईल, आणि कारण विचारणाऱ्याला दाखवायलाही.

सोमवारी मी सकाळच्या गाडीनं येतोय. वस्तीवर जाऊ, त्या पोराच्या बापाला भेटू. मंगळवारी टोळी निघायच्या आत बोलणं व्हायला हवं. तुझ्या आईला सांग, भाकरी आणि ठेचा पुरे, दुसरं काही करत बसू नकोस म्हणावं.

मात्र कप्तानाकडं माझी वाट बघू नकोस. तिथं मी सोबत येणार नाही, ते तुझं तुलाच करायचंय. यादी ग्रुपवर जाण्याआधी, रविवारी संध्याकाळी, त्याच्या घरी जा.

तुझा
मामा